दहापैकी नऊ

फेब्रुवारी सरायला लागला की चंदीगडची झाडं पानं टाकतात. ऊन कोवळं असतं, बागांत गुलाब फुललेले असतात, सावरीच्या उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं असतात, आणि रस्त्यांच्या कडेला मात्र वाळल्या पानांचे ढीग. सफाईवाले ते खराट्याने ओढून एका जागी करतात, कुणीतरी पेटवून देतं, आणि त्या धुराचा तुरट वास घराघरांत शिरतो. तो वास आला की मी उठून खिडक्या लावून घेते. पन्नाशी उलटली तरी घेते. माझ्या लेखी तो दहावीच्या परीक्षेचा वास आहे.

यंदा तो आला तेव्हा माझ्यासमोर तनिष्का बसली होती. झिरकपूरला आम्ही ज्या इमारतीत राहतो तिथे ती वरच्या मजल्यावर असते, दहावीत आहे. दोन दिवसांपूर्वी तिची आजी गेली. घरात पाहुण्यांची रीघ, रडारड, म्हणून तिच्या आईने तिला पुस्तकांसकट माझ्याकडे धाडलं. "आंटी, प्लीज, इसके बोर्ड हैं. वहाँ पढ़ नहीं पाएगी." पोरगी दिवसभर माझ्या जेवणाच्या टेबलाशी त्रिकोणमिती करत होती. मध्येच वरून कुणाचा तरी हुंदका ऐकू यायचा. तिची पेन्सिल क्षणभर थांबायची आणि पुन्हा चालायला लागायची. न राहवून मी विचारलं, "दादी की याद आ रही है?"

मान वर न करता ती म्हणाली, "आंटी, पेपर के बाद."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी आपटली. राग तिच्यावर नव्हता. हेच शब्द मी एकदा उच्चारले आहेत. कुणापाशी, ते सांगते.

आम्ही मूळचे मिरजेचे. बाबा चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत संशोधक होते, म्हणून आम्ही इथे. घरात मिरजेची मराठी, दाराबाहेर हिंदी, मैदानावर पंजाबी आणि वर्गात इंग्रजी असा माझा चार जिभांचा संसार होता. मी दहावीत गेले तेव्हा, ऐंशीच्या दशकाअखेर, पंजाबातले ते दहशतीचे वाईट दिवस सुरू होते. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे बंदुका घेतलेले जवान असत. बसमध्ये बसायच्या आधी सीटखाली वाकून बघायचं, ही सवय झाली होती. शाळेत प्रार्थनेआधी प्रत्येकाने आपापल्या बाकाखाली पाहायचं, बेवारस डबा, रेडिओ, खेळणं दिसलं तर हात लावायचा नाही, बाईंना सांगायचं. बंद, संचारबंदी, पुन्हा बंद. शाळा आठवडाभर चालायची आणि चार दिवस मिटायची.

मग अभ्यासक्रम मागे पडला. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकावर पट्टी ठेवून रेघा मारल्या. खेळाचा तास गेला, संगीताचा गेला, चित्रकलेचा गेला. वाचनालयाला कुलूप लागलं. समाजोपयोगी कार्य नावाचा एक तास असायचा. त्यात नववीत आम्ही मेणबत्त्या केल्या होत्या आणि एकदा जवळच्या वस्तीत जाऊन लहान मुलांना अक्षरं शिकवली होती. तोही गेला. रिकाम्या झालेल्या सगळ्या चौकटींत गणित, विज्ञान आणि इंग्रजी बसले. गंमत अशी, की वर्षाअखेरीस माझ्या प्रगतिपुस्तकात त्या न झालेल्या तासांपुढेही 'अ' श्रेणी होती. सगळ्यांच्याच होती.

माझ्या शेजारी नवनीत कौर बसायची. दोन जाड वेण्या, शाईने माखलेली बोटं, आणि हसू आलं की तोंडावर वही धरायची सवय. तिचे वडील सरकारी पशुवैद्य होते. डेराबस्सीच्या आसपासची खेडी त्यांच्याकडे होती, स्कूटरवरून हिंडायचे. मी त्यांना अंकल म्हणायची. नववीच्या सुट्टीत एका रविवारी त्यांनी आम्हा दोघींना एका गावात नेलं. गोठ्यात एक गाभण म्हैस होती. अंकलनी माझा तळहात तिच्या पोटावर ठेवला आणि म्हणाले, "चुप करके खड़ी रह, पुत्तर." मी श्वास धरून उभी राहिले. म्हशीची कातडी ऊन होती, खरखरीत होती, तिला कडब्याचा वास होता. आणि मग आतून काहीतरी सरकलं. एक गुडघा असेल, खूर असेल. जिवंत, अजून न जन्मलेलं. मी हात झटकून मागे सरले, तसे अंकल खो खो हसले. जीवशास्त्राच्या पुस्तकात पुनरुत्पादनाचा धडा होता. आमच्या बाईंनी तो "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून दिला होता.

जानेवारीतल्या एका दुपारी अंकल अशाच कुठल्या गावाहून आजारी जनावर बघून परतत होते. रस्त्यावर गोळीबार सुरू झाला आणि ते मध्ये सापडले. गोळी कुणाची होती ते कधीच कळलं नाही. पोलीस म्हणाले अतिरेक्यांची, गावातले लोक दबक्या आवाजात म्हणाले पोलिसांची.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटं स्तब्धता झाली. तिसऱ्या तासाला ठरल्याप्रमाणे गणिताची चाचणीही झाली. ती संपून पुढचा धडा सुरू झाल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा पुटपुटला, "पगड़ी वाले थे, कुछ तो चक्कर होगा." वर्गात शीख मुलं होती, हिंदू मुलं होती. सगळ्यांनी ते ऐकलं. गणिताच्या सरांनीही ऐकलं. त्यांचा खडू फळ्यावर थांबला. मला वाटलं, आता ते वळतील आणि काहीतरी बोलतील. ते वळले. "सायलेन्स. पान ऐंशी काढा," एवढंच म्हणाले. आजही वाटतं, त्या क्षणी शाळा नावाची गोष्ट आमच्या वर्गात दोन पावलांवर येऊन उभी होती आणि आम्ही पान ऐंशी काढलं.

आई रोज नवनीतच्या घरी जायला लागली. तिला धड हिंदी येत नव्हती. पण ती जायची, आल्यागेल्याला चहा करायची, भांडी घासायची, दूध तापवायची आणि परत यायची. मी म्हटलं, "मी पण येते."

"तू काय करतीस येऊन?" आई पदर खोचत म्हणाली. "तू अभ्यास कर की. त्या पोरीचं वर्ष गेलंच गं. तुझं कशाला जायला पायजे?"

आईला सगळं येत होतं. दुःखाच्या घरात कसं शिरायचं, काय बोलायचं नाही, कुठल्या कामाला हात घालायचा. ते तिने मला शिकवलं नाही, कारण माझी दहावी होती.

तीन आठवड्यांनी इंग्रजीच्या भल्ला मॅडम वर्गात आल्या त्या उत्साहाने. "यंदा सांत्वनपत्र नक्की येणार," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर साचा लिहून दिला. वर पत्ता, खाली तारीख. पहिलं वाक्य, ही दुःखद वार्ता ऐकून मला तीव्र धक्का बसला. दुसरं वाक्य, तुझ्या दुःखात मी सहभागी आहे. तिसऱ्यात ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. एकूण ऐंशी शब्द, दहा गुण. मग त्या थोड्या थांबल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "चलो, नवनीत को ही लिख दो सब. प्रैक्टिस भी हो जाएगी, और उस बेचारी को अच्छा भी लगेगा."

भल्ला मॅडम वाईट नव्हत्या. हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं. त्यांना खरंच काहीतरी करायचं होतं. पण त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतंच, साचाच होता.

आम्ही चाळीस जणांनी खाली मान घालून पत्रं लिहिली. धक्का बसल्याचं वाक्य झाल्यावर माझा पेन अडला. मी स्वतःचं एक वाक्य घातलं, की अंकलनी माझा हात म्हशीच्या पोटावर ठेवला होता आणि आतलं रेडकू हललं होतं, ते मी विसरणार नाही. मग ईश्वराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी गठ्ठा माझ्या हाती दिला. तपकिरी लिफाफ्यात घालून, वर नाडी बांधून. "तू उसके घर के पास रहती है ना?" मी जिन्यात लिफाफा उघडून पाहिला. पत्रं तपासलेली होती. लाल शाईने. स्पेलिंगच्या चुकांना गोल केले होते, स्वल्पविराम घातले होते, कोपऱ्यात गुण होते. सवयीने तपासली गेली असणार. मला दहापैकी नऊ होते. म्हशीचं वाक्य लाल रेघेने खोडलं होतं आणि समासात इंग्रजीत लिहिलं होतं, 'अनावश्यक. मुद्द्याला धरून लिही.'

हे मी तिच्याकडे न्यायचं? परत जाऊन मॅडमना सांगायचं धाडस झालं नाही. शाळेत आम्हाला उत्तरं द्यायला शिकवलं होतं. बाईंना 'हे बरोबर नाही' म्हणायला नाही. शेवटी संध्याकाळी मी लिफाफा घेऊन गेले.

घरात फरशीवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या होत्या. भोगाचा, म्हणजे ग्रंथपाठाच्या समाप्तीचा, विधी होऊन पाहुणे पांगले होते, चादरी तशाच राहिल्या होत्या. नवनीत भिंतीला टेकून बसली होती. वेणी एकच, सैल. तिने नाडी सोडली आणि एकेक पत्र वाचायला लागली. पहिली चार-पाच पूर्ण वाचली. मग फक्त पहिल्या ओळी. मग नुसती उलटत गेली.

"सबको एक साथ ही धक्का लगा?" ती म्हणाली. हसली नाही, रडलीही नाही.

माझं पत्र आलं. "तेरे नौ आए. एक किस बात का कटा?"

तिने लाल रेघेखालचं वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. त्यावरून बोट फिरवलं.

"ये काटा मैडम ने?"

"हाँ."

"उस भैंस का नाम याद है तुझे?"

मला आठवत नव्हतं.

"पापा को याद रहता था. सब भैंसों के नाम." तिने तो कागद बाजूला ठेवला. मग माझी ओढणी हलकेच धरून म्हणाली, "थोड़ी देर बैठ ना."

मला बसायचं होतं. पण बसून काय बोलायचं, हे मला माहीत नव्हतं. ती रडली तर मी काय करणार, हेही माहीत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाची सराव परीक्षा होती. ते कारण हाताशी होतं, चोख होतं, जगातल्या कुणालाही पटलं असतं. मी म्हटलं, "पेपर के बाद आती हूँ. पक्का."

तिने ओढणी सोडली.

मी घरी येऊन प्रकाशाच्या अपवर्तनाचे नियम पाठ केले.

या एका संध्याकाळवर मी आयुष्यभर चिडत आले आहे. लोक म्हणतात, शाळा आयुष्यासाठी तयार करते. कुठल्या आयुष्यासाठी? सोळाव्या वर्षी माझ्याजवळ आवर्त सारणी होती, समांतर रेषा होत्या, पानिपतच्या तीनही लढायांची कारणं होती. सांत्वनपत्राचा साचासुद्धा होता. फक्त बाप गेलेल्या मैत्रिणीशेजारी दहा मिनिटं बसता येत नव्हतं. आणि वाईट दिवस होते म्हणून शाळेने काय काढून टाकलं? ज्या तासांत आम्ही एकमेकांना घामेजलेलं, बेसूर, रंगांनी बरबटलेलं पाहत होतो, नेमके तेच. शहर माणसामाणसांत भिंत बांधत होतं आणि शाळेने मैदानाला कुलूप घातलं होतं. बंदुका शाळेबाहेर होत्या. वेळापत्रकावरची ती रेघ मात्र आम्ही आमच्या पट्टीने मारली होती.

मार्चमध्ये बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरात सांत्वनपत्र आलं. मित्राचे वडील वारले आहेत, त्याला पत्र लिहा. मी ऐंशी शब्दांत लिहिलं, मुद्द्याला धरून. नवनीतची बाकावरची जागा रिकामी होती; तिचा बैठक क्रमांक खडूने लिहिलेला होता.

शेवटचा पेपर झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या कपड्यांवर शाई उडवली. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच नवनीतकडे गेले. मनात वाक्यं जुळवली होती. ती दारातच भेटली, कागद-पेन हातात. माझी वाक्यं ऐकायला तिला वेळ नव्हता.

"इंग्लिश में एक एप्लिकेशन लिखनी है. तू लिख."

अंकलची स्कूटर डेराबस्सीच्या पुढच्या एका पोलीस चौकीत पडून होती. ती परत हवी होती. तिचे काका गावी होते. पण त्या दिवसांत पगडीवाल्या तरुण माणसाने चौकीत पाऊल टाकायचं म्हणजे परत कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणून तिची आई, माझ्या आंटी, आणि ती जाणार होत्या. आंटी म्हणाल्या, इंग्रजी कागद असला की चौकीतला कारकून, मुन्शी, जरा दबकतो.

मी बसले. वर पत्ता, खाली तारीख. 'मी नम्रपणे याचना करते की' असं इंग्रजीत सुरू केलं. नवनीत खांद्यावरून बघत होती. "याचना क्यों? स्कूटर हमारा है." मी खोडलं. पुढे वडील वारल्याचं लिहायचं होतं. मी 'एक्स्पायर्ड' लिहिलं, शाळेत तेच शिकवलं होतं. तिने माझ्या हातातून पेन घेतला. "एक्सपायर दवाई होती है," ती म्हणाली. स्वतःच्या अक्षरात तिने लिहिलं, 'मारले गेले.' मग गाडीचा नंबर, जागा, दिवस. सहा ओळी. माझ्या दहा वर्षांच्या इंग्रजीतला एकही अलंकार तिने ठेवला नाही.

"मैं भी चलूँ?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "डर नहीं लगेगा?"

"लगेगा."

"तो चल."

आम्ही तिघी बसने गेलो. वाटेत दोनदा बस थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं, झडती घेतली. चौकीत मुन्शीने कागद घेतला, न वाचता फायलीखाली सारला. "कल आना."

आंटी उठायला लागल्या. नवनीत उठली नाही. "आप पढ़ लीजिए. हम बैठे हैं."

"कोई बड़ा नहीं है घर में?"

"मैं हूँ."

मी तिच्या शेजारी बाकावर बसले. बोलायचं काहीच नव्हतं आणि त्या दिवशी त्याची गरजही भासली नाही. अकरापासून तीनपर्यंत आम्ही बसून होतो. तिने एकदा माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, थोडं रडली, आणि मी काहीही केलं नाही, फक्त हलले नाही. तीन वाजता मुन्शीने कंटाळून कागद काढला. वाचला. सहा ओळी वाचायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

मागच्या अंगणात धुळीने भरलेल्या सायकली, मोपेड, एक ट्रॅक्टर ओळीने उभे होते. एका सायकलला दुधाचे रिकामे कॅन तसेच अडकवलेले होते. त्यांना न्यायला अजून कुणी आलं नव्हतं. त्यांतून वाट काढत आम्ही स्कूटर बाहेर ढकलली. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने हवा भरली, प्लग काढून दिला, मी तो ग्रीसने माखलेल्या कापडाने पुसला, आणि पाचव्या-सहाव्या किकला ती चालू झाली. अंकलनी नवनीतला मैदानावर चालवायला शिकवलं होतं. आंटी मागे बसल्या. नवनीतने वळून हात हलवला आणि त्या दोघी गेल्या. मी एकटीने बस पकडली, आयुष्यात पहिल्यांदा.

पुढे मे महिन्यात त्या दोघी आंटींच्या माहेरी निघून गेल्या. नवनीतने पुढच्या वर्षी बाहेरून दहावी दिली. काही वर्षं आमची पत्रं चालू होती, मग हळूहळू थांबली.

स्कूटर सोडवली त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई फाटकाशी उभी होती. "नवनीतकडं एवढा वेळ?" म्हणाली. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, चौकी, मुन्शी, सहा ओळी. बाबा आतून कागद घेऊन आले. त्यांचा चेहरा आनंदाने उजळला होता. अकरावीच्या सायन्सच्या तात्पुरत्या प्रवेशाचा फॉर्म त्यांनी मिळवला होता, सगळा भरूनही ठेवला होता. छंद विचारले होते तिथे 'वाचन' लिहिलं होतं. "सही कर बघू आधी," ते म्हणाले, "बाकीचं नंतर सांग."

मी हात न धुताच फॉर्म धरला आणि सही केली. सहीशेजारी माझ्या अंगठ्याचा ग्रीसचा काळा ठसा उमटला, ठळक, एकेक रेघ दिसेल असा.

बाबांनी कागद उजेडात धरून पाहिला. "अरेरे," ते म्हणाले, "आता नवा आणावा लागणार."